आठपैकी नऊ

सुपीरिअर सरोवराच्या दक्षिण काठावर
कोइवू हार्बर,
नकाशाच्या नेमक्या घडीवर आलेलं, म्हणून झिजलेलं.
वस्ती सहाशे बारा,
बर्फावर मासे धरायला गेलेले सगळे परतले तर.

माझ्या हार्डवेअरच्या दुकानाबाहेर फळा आहे.
पूर्वी मी त्यावर खिळ्यांचे भाव लिहायचो.
आता रोज सकाळी सातला आउने कांगास येते,
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई.
उजवा हातमोजा दातांनी ओढून काढते
आणि आभाळ लिहिते.

आभाळाचे ती आठ भाग करते, केकचे करावेत तसे.
जितके झाकलेले, तितका आकडा.
डिसेंबरात बहुतेक आठ.
जानेवारीत आठ.
आकड्यापुढे ढगाचं नाव, नावापुढे शेरा:

"आठ. स्ट्रॅटस. भिजलेली चादर, पिळायला कोणी नाही."

"पाच. आल्टोक्युम्युलस. मेंढ्या. मोजत बसू नका, बस चुकेल."

"सात. स्ट्रॅटोक्युम्युलस, उत्तरेकडून ओळीनं.
पाणी अजून गोठलेलं नाही,
दुपारी फावडी लागतील."

फावडी माझ्याकडेच मिळतात.
गाव म्हणतं, आमचं साटंलोटं आहे.

सरकारी अंदाज रेडिओवर असतो,
साठ मैलांवरून, घोटीव आवाजात:
"काठालगत काही ठिकाणी जोरदार हिमवृष्टी."
ते काही ठिकाणी म्हणजे आम्ही.

फेब्रुवारीत एका मंगळवारी उघडीप मिळाली.
पोरं आपापल्या सावल्यांना लाथा मारत शाळेत गेली.
आउनेनं लिहिलं, "दोन. सिरस. पश्चिमेकडून, टोकं वळलेली."
आणि दुपारी परत आली.
ती दुपारी कधी येत नाही.
दोन पुसून सात केले.
"सिरोस्ट्रॅटस. सूर्याला खळं पडलंय.
रात्री वारा दक्षिणेचा होईल.
बर्फावर जाऊ नका."
शेवटच्या ओळीखाली रेघ मारताना खडू मोडला.

आर्वो हिल्तुनेन कॉफीचा पेला धरून
फळ्यासमोर बराच वेळ उभा होता.
मग वर बघून म्हणाला,
"खळं छान आहे."
बर्फ दीड फूट जाड, ट्राउट लागलेले,
आणि खडूनं कधी बर्फ फुटलाय का?
माझ्याकडून त्यानं चार गळ घेतले.
मी सुटे पैसे मोजून दिले.
म्हणालो, "थंडी आहे."
एवढंच म्हणालो.

पहाटे त्याच्या खोपटासकट,
स्टोव्हसकट, स्टोव्हवरच्या कॉफीसकट
बर्फाचा एक मैलभर तुकडा काठावरून सुटला
आणि काही आवाज न करता
कॅनडाकडे निघाला.

उजाडताना हेलिकॉप्टरनं आणला त्याला.
डाव्या कानाची पाळी गेली.
खोपट अजून तरंगत असेल, नसेल.

गुरुवारी वारा उत्तरेला फिरला
आणि समोरचं चर्च नाहीसं झालं,
मग रस्ता, मग माझ्याच दुकानाची पायरी.
आउने आली. कशी आली, विचारलं नाही.
आर्वोबद्दल एक अक्षर नाही.
फळ्यावर तिनं नऊ लिहिले.
"आठपैकी नऊ?"
"ढग दिसले तर आठ म्हणता येतं," ती म्हणाली.
"बर्फात वरचं काही दिसतच नसलं की नऊ.
तसा नियम आहे."
आणि हातमोजा चढवून
त्या नऊच्या आत चालत गेली.

शुक्रवारीही तेच.
आर्वो आला, कानाला फडकं,
फळ्यावर बर्फ साचलेला.
त्यानं बाहीनं पुसला,
त्याबरोबर आकडाही गेला.
काचेतून माझ्याकडे बघितलं. काय होतं?
मी बोटांनी दाखवलं,
एक हात पूर्ण, दुसऱ्याचा अंगठा मिटून.
त्यानं मान वर केली.
पापण्यांवर बर्फ बसेपर्यंत तसाच राहिला.
मग खडूचा तुकडा शोधून
वाकडा, पोट सुटलेला,
पण नऊच काढला.