गाडीत जागा दोन

आम्ही माणसं पाच, गाडीत जागा दोन.
तिसऱ्याच्या बाप्तिस्म्याला हे गणित मी मांडलं
तेव्हा गिलँ पिठाचे हात पुसत म्हणाला,
"भागाकार करू."

तो पाववाला. पहाटे तीनला उठणारा.
साऱ्या स्टावलोला ठाऊक आहे
की या माणसाची चैन एकच, निळ्या रंगाची,
बुटकी, जमिनीच्या कानाशी लागत जाणारी.
गावाबाहेर शर्यतीचा रस्ता आहे. तिथला आवाज
लहानपणी त्याच्या कानात शिरला
तो बाहेर पडायचं विसरला.

मी यादी केली.
बटाट्यांचं पोतं: नाही.
ओडीलचा चेलो: नाही.
बाळाची ढकलगाडी: चाकं काढली तर,
झाकण दोरीनं बांधलं तर, म्हणजे नाहीच.
शाळेपुढचा गतिरोधक: पोट खरवडतं,
ते खरवडणं मला माझ्या दातांत जाणवतं.
नोव्हेंबर ते मार्च, छपराच्या शिवणीतून
नेमका माझ्याच गुडघ्यावर एक थेंब.
विम्याचा आकडा लिहिला नाही,
कागद खजील झाला असता.

सासूबाईंना आत बसवणं सोपं. त्या पडतात.
बाहेर काढायला मात्र दोघं लागतात,
एक हात धरायला, एक हसू धरायला.
"पुढच्या रविवारी पुन्हा,"
टोपी सरळ करत त्या म्हणतात.

त्यांच्याकडे रविवारचं जेवण. त्या दिवशी बस नसते.
सहा किलोमीटर, चार फेऱ्या.
आधी ओडील, मग सेव्हरँ, मग धाकटा,
शेवटी मी, मांडीवर टार्ट घेऊन.
तोवर सूप दोनदा गरम झालेलं,
आणि पहिली आलेली भुकेनं रुसलेली.

सेव्हरँ मधला. अकरा वर्षांचा.
घरी विचारलं तर खांदे उडवतो,
जे काही सांगायचं ते ताटाला सांगतो.
त्याच्या फेरीला नऊ मिनिटांची वीस लागायची.
रस्ता बंद होता का, मी विचारलं एकदा.
"नाही. बोलत होता."
काय, ते गिलँनं सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही.
राग आला होता, तेवढं इथे लिहून ठेवते.

मग मार्चमध्ये भट्टी बसली.
नवी भट्टी म्हणजे ही गाडी,
इतका सरळ हिशेब आम्ही आजवर केला नव्हता.
व्हेर्विएहून गिऱ्हाईक आलं. पोरगेलासा,
किल्ली हातात घेण्याआधीच मूठ वळलेली.
बायको थोडी मागे, पोटावर हात ठेवून.
गिलँ कागद आणायला आत गेला तो गेलाच.
पोरानं मलाच विचारलं,
"रोजच्या वापराला चालेल ना?
म्हणजे उद्या मूल झालं तर?"

यादी मला तोंडपाठ होती.
बटाट्यांपासून थेंबापर्यंत म्हणून दाखवली,
विम्याच्या आकड्यासकट.
एक अक्षर खोटं नाही.
बायकोचा चेहरा उजळत गेला, त्याचा उतरत.
ढकलगाडीपाशी मी जरा जास्तच रेंगाळले.
वीस मिनिटांचं तेवढं सांगितलं नाही,
ते यादीत कधी लिहिलंच नव्हतं.

दोघं अदबीनं हात मिळवून गेले.
गिलँ दारात, हातात कागद.
"काय झालं?"
"आधी जुनी भट्टी दुरुस्त होते का बघ," मी म्हटलं.
तो माझ्याकडे बघत राहिला,
पाव फुगतोय की नाही हे बघतात तसा.

त्या रविवारी चौथी फेरी, मी आणि टार्ट.
पुलानंतर डावीकडे वळायचं होतं.
तो सरळ गेला.
मी काही बोलले नाही, तोही नाही.
झाडी दोन्ही बाजूंनी मागे मागे जात होती.
मग गुडघ्यावर थेंब पडला,
आणि मी टार्ट थोडी सरकवली.