तिसरा सिलिंडर

मढवीने गेज लावला, मी स्टार्टर मारला.
एकशे ऐंशी. एकशे अठ्ठ्याहत्तर.
तिसऱ्यावर काटा एकशे पन्नासपाशी दमला
आणि तिथेच बसून राहिला.
चौथा पुन्हा एकशे ऐंशी.
"घरान एक तरी असा असतोच," मढवी म्हणाला
आणि हात चिंधीला पुसत चहा सांगायला गेला.

रबाळ्यातल्या या पत्र्याखाली
माझी दोन हजार एकची सिटी, बॉनेट उघडं टाकून,
दाढ दाखवायला बसल्यासारखी.
एक लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर.
शेजारी खोक्यात नवं किट:
दोन सोलेनॉइड, पितळी जेट, विणीची नळी
आणि निळी बाटली.

निळा मला नवा नाही.
नेरूळच्या ऑपरेशन थिएटरात एकवीस वर्षं
मी हाच वायू निळ्या सिलिंडरांतून गडगडवत आणतो,
किल्ली लावतो, कान लावून गळती ऐकतो.
डॉक्टर फणसे पेशंटला सांगतात, दहापासून उलटं मोजा.
सहाच्या खाली फार थोडे उतरतात.
बँकेतले एक साहेब तीनपर्यंत आले होते.
तीनला हसले.
शुद्धीवर आल्यावर कशाला, ते त्यांना आठवेना.

"तुजेकर त फुकट हाय," मढवी बोलला होता,
"एक खाली दाखव न् एक भरलेला आन."
मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे.
तेव्हापासून तो विषय त्याने काढलेला नाही.
मीच काढतो, नाइटला, मनात.

हे सगळं कशासाठी, ते कुणी विचारलं नाही, म्हणून सांगतो.
मार्चमध्ये, पामबीचवर, सानपाड्याच्या सिग्नलला
पांढऱ्या टर्बोतल्या एका पोराने काच खाली केली.
"काका, चालते अजून?"
खोच नव्हती आवाजात. खरंच विचारत होता.
हिरवा पडला, मी पाय दाबला,
आणि त्याच्या मागच्या दिव्यांच्या
बघता बघता दोन टिकल्या झाल्या.

पन्नास घोडे, मढवी म्हणतो.
फक्त पाय पूर्ण खाली असताना, फक्त तीन हजारांच्या वर,
टायमिंग दोन अंश मागे, प्लग एक नंबर थंड.
घोडे ठेव तुला.
मला सहा सेकंद हवेत,
आणि बाजूच्या काचेत ते तोंड.

पण थिएटरातल्या मशीनला एक बारीक साखळी असते.
ऑक्सिजनची चावी मागे फिरवली
की नायट्रसची आपोआप मागे येते.
कुणीतरी, कधीतरी, टेबलावरचं माणूस गमावून
ती बसवली असणार.
किटला साखळी नाही.
पेट्रोल कमी पडलं तरी वायू येतच राहतो
आणि ॲल्युमिनियम पाकासारखं पातळ होतं.
हे मढवीनेच सांगितलं. कुणाचा तरी पिस्टन आणून दाखवला.
कडेला भोक, भोकाला वितळलेला ओठ.
तो त्यात आता विड्या विझवतो.

"टाकाचा का नाय, बोल."
चहावर साय धरली होती.
मी म्हटलं, आधी रिंगा.
"म्हंजे इंजिन उतरवाचा. चाळीस हजार."
माहीत आहे.
"न् मंग?"
मी साय बोटाने बाजूला केली.
"म्हंजे नाय."
म्हणजे आधी रिंगा.
त्याने बाटली खोक्यात उलटी ठेवली,
मग परत काढून सुलटी ठेवली.

स्विचसाठी डॅशबोर्डला भोक मात्र
त्याने सकाळीच पाडून ठेवलं होतं, न विचारता.
घरी येताना तुर्भ्याला सिग्नलचे आकडे उतरू लागले,
दहा, नऊ, आठ,
आणि माझा अंगठा स्टिअरिंगवरून सुटून
त्या भोकावर जाऊन बसलेला मला दिसला.
सहाला मी खिशातून मायक्रोपोर काढलं,
दातांनी तोडलं, भोकावर लावलं.
एक कड दुमडून लावली,
पेशंटला लावतो तशी.
काढताना सोपं जातं.