खानेसुमारी

टेकडीवरच्या एकशे बाराव्या घराला दार नव्हतं,
पत्रा होता, तारेनं बांधलेला.
आत दोन्या एउलोहिया
चुन्याच्या पाण्यातला मका चोळत बसलेली.

मी नगरपालिकेचा माणूस, तीन आठवड्यांपुरता.
गळ्यात फोटोचं कार्ड, बुटांत चिखल,
हातात पाटी, पाटीवर कागद, कागदावर खाने.

कोंबड्या किती? सात.
नळाला पाणी? गुरुवारी, त्याच्या मनात आलं तर.
लिहिता येतं? नाव येतं. बाकी कुणाला काय लिहायचंय?
धर्म?
छापलं होतं तसं वाचलं मी :
ख्रिस्ती की कॅथलिक?

तिचे हात पाण्यातच थांबले.
"हे काय विचारणं झालं, पोरा?
माझा आजा या घाटातून रात्रीची खेचरं हाकायचा.
झाडाखाली काही हललं की ओरडायचा,
कोण रे तिथं, ख्रिस्ती की भूत?
म्हणजे माणूस आहेस का, एवढंच.
मका सडला तर म्हणायचा, हे काय ख्रिस्त्यानं खायचं?
आणि तू आता मला विचारतोस
मी माणूस की कॅथलिक."

मी म्हटलं, आजकाल तसंच म्हणतात.
"म्हणतात ना. माझी एल्विराच म्हणते.
खाली हिरव्या पत्र्याचं देऊळ आहे ना, कर्ण्यांचं,
तिथं जायला लागली आणि एक दिवस येऊन म्हणाली,
आई, आम्ही ख्रिस्ती झालो.
मी म्हटलं, बाई, तुला मी कडेवरून नेली होती वरच्या चर्चात,
फादरनं डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा तू तीनदा शिंकलीस,
ते काय मग सर्दीचं औषध होतं?"

हसली. मग हसू पुसलं पदराशिवायच,
मनगटानं.
"वाईट नाही बोलत मी.
तिचा नवरा गटारात सापडायचा शनिवारी.
आता दारूला शिवत नाही, पोरांच्या पायांत बूट आहेत.
सान होसेपुढं मी बावीस वर्षं मेणबत्त्या जाळल्या,
त्यानं काही बूट आणले नाहीत.
फक्त तिच्या भिंतीवरचा खिळा बघवत नाही.
तसबीर काढली, खिळा तसाच ठेवलाय.
काढायचा तर दोन्ही काढावं."

मी काही बोललो नाही.
मीही त्याच हिरव्या पत्र्याखालचा.
चौदा वर्षांचा होतो तेव्हा पास्टर म्हणाले, मूर्ती म्हणजे सैतानाचं घर,
आणि मी आजीचा लाकडी सान अंतोनियो
चुलीत घातला.
ओलसर लाकूड. पेटेना.
नुसता धूर, दिवसभर.
आजी बाहेर ओट्यावर बसून खोकत होती
आणि धुराबद्दल बोलत होती. फक्त धुराबद्दल.

हे मी एउलोहियाला सांगितलं नाही.
असला प्रश्न कागदावर नाही.

तिनं पेल्यात आतोले ओतलं,
तव्यावरची तोर्तिया फडक्यात ठेवली दोघांमध्ये,
आणि कपाळ, छाती, खांदा, खांदा, क्रूस केला.
मी सवयीनं डोळे मिटले, मान खाली घातली.
तिचं लवकर आटोपलं. माझं लांबलं,
आमच्यात लांबतंच.
ती थांबली माझ्यासाठी.
मी आमेन म्हटलं, तिनंही म्हटलं,
डोळे उघडले तर
फडकं रिकामं, आणि कुत्रा पत्र्यापलीकडे.

"घ्या," ती म्हणाली. "तो कुठल्या खान्यात?"

निघताना पेन्सिल हातात होती.
ती म्हणाली, खोडता येईल असं लिही.
मी काहीच लिहिलं नाही.

ऑफिसात साहेब दोन फेब्रुवारीला म्हणाले,
एकशे बारा अपुरं आहे, हेरेमियास.
परत जावं लागेल.

बरं.
तोर्तियाही राहिलीच आहे.