वेन्नेलम्माची भरती

पौर्णिमा मंगळवारी होती.
पाणी गुरुवारी येणार होतं.
अंबव्वा म्हणाली, मग गुरुवारीच करू,
चंद्र दोन दिवस झिजला तर झिजला,
नळाशिवाय भरती कशाची?

साखर पेठेपासून समुद्र किती लांब
आमच्या गल्लीत कुणी मोजलेलं नाही.
कुणा मूळपुरुषानं म्हणे पागोट्याच्या शेवात
मूठभर मीठ बांधून आणलं,
त्या मिठात ती होती.
वेन्नेलम्मा.
अर्धी चांदणं, अर्धी खारं पाणी.
तिला मूर्ती नाही, पुजारी नाही.
एक पितळी परात आहे, कड चेपलेली,
एरवी ती ज्वारीच्या पिठाला चालते.

परात दोघींनी धरायची,
एक लेकुरवाळी, एक विधवा.
ओहोटीलाही हात लागतो, अंबव्वा म्हणते.
ही कड उचलली की चंद्र तिकडे,
ती उचलली की इकडे,
सात वेळा.
मध्येच फुटला तर पुन्हा पहिल्यापासून.
मग पांढऱ्या सुताची एक लड त्यात बुडवायची
आणि न पिळता दारावर टांगायची.

आणि एक माग रिकामा चालवायचा.
ताणा नाही, बाणा नाही,
नुसता धोटा, या टोकाचा त्या टोकाला.
ही रीत अलीकडची.
माझा नवरा, राजमोगली, एकदाच गेला होता मछलीपट्टणला
टॉवेलांचे गठ्ठे पोचवायला.
परतला तेव्हा सगळी गल्ली भोवती बसली,
सांग की रे, कसा आहे, सांग.
त्यानं चहा संपवला. म्हणाला,
कारखान्यासारखाच आवाज आहे.
फक्त बंद कुणी करत नाही.

यंदा माग नव्हता.
आखाडात भंगारवाल्यानं किलोवर नेला.
फरशीत बोल्टांची चार भोकं राहिली,
त्यांत अजून तेल आहे.

गुरुवारी रात्री सगळ्या जमल्या
आणि गल्ली इतकी गप्प
की कुणाच्या तरी बांगड्या ऐकू आल्या.
अंबव्वा पायरीवर बसली. म्हणाली,
आवाजच नाही तर ती घर कसं ओळखणार?

कुणी काही बोललं नाही.
भूदेवी वडनाल उठली,
विड्यांचं सूप घेऊन आली, पानांसकट.
ओली पानं तिनं पुढं सारली. सर्र.
मागं ओढली. सर्र.
उद्या हजार विड्या द्यायच्यात, पानं फाटतील गं,
असं म्हणत म्हणत
तिची जाऊसुद्धा सूप घेऊन आली.
मग नऊ सुपं झाली, मग मोजायचं राहिलं.

पावणेचारला नळानं आधी हवा सोडली,
लांब श्वास,
मग गढूळ, मग स्वच्छ.
पहिलं पाणी परातीत,
वर मीठ.
पत्र्यांच्या वर चंद्र, एका बाजूनं चेपलेला,
आमच्या परातीसारखाच.
भरतीची कड भूदेवीच्या सुनेकडे.
ओहोटीची यंदा माझ्या हातात आली.

पाचव्यांदा तो फुटला. माझ्याकडूनच.
कुणी रागावलं नाही.
पुन्हा पहिल्यापासून.

पाणी तुळशीला घालत नाहीत, जळते.
उंबऱ्यावर ओततात.
सकाळी पाहिलं तर पांढरी रेघ उमटली होती,
वाकडी, चपलांच्या अलीकडे.
मोठ्या भावजयीच्या नातवानं बोट ओलं करून चाखली
आणि तोंड वाकडं केलं.

मी घर झाडलं, ओटा झाडला.
रेघेपाशी आले
आणि केरसुणी उचलून घेतली.