खालची अर्धी

लुवाल्हाती हे नाव आईच्या तोंडात मावलं नाही,
म्हणून ती आमच्याकडे लुवा.
भाऊ जहाजावर मोटरमन. इलोइलोच्या बंदरात
इंजिन बिघडलं, सतरा दिवस अडकला,
आणि पुढच्या वर्षी हिला घेऊन आला
भांडुपला, मिठागराच्या कडेला.
आता तो परत दर्यावर, नऊ महिन्यांच्या करारावर.
मी सातव्यात, माहेरी.
एका खोलीत आम्ही दोघी आणि तिची वही,
गोण्यांच्या हिशेबाची जुनी, लांबडी.
पुढून बाबांची मिठाची मापं,
मागून तिची भुतं.

तिच्या गोष्टी मनिलातल्या कुठल्याशा मासिकात छापतात.
पैसे थोडे, पण येतात.
मला मराठीत सांगते, क्रियापदं पडतील तशी:
तिकडे एक बाई असते, दिवसा चारचौघींसारखी,
फोडणी देते, शेजारणीची विचारपूस करते.
रात्री केळीच्या बनात जाते, अंगाला तेल चोळते
आणि कमरेतून सुटते.
वरची अर्धी उडते, वटवाघळाचे पंख,
खाली आतडी लोंबत.
छपरावर बसते, फटीतून जीभ सोडते
दोऱ्यासारखी,
पोटुशीच्या बेंबीपर्यंत.
हे ती माझ्या पोटाकडे न बघता सांगते. एवढं भान आहे तिला.

आणि आवाज?
टिक-टिक, पालीसारखा.
मोठा असला तर ती लांब आहे.
बारीक झाला, की छपरावर.
आमच्याकडे पाल चुकचुकली, मी म्हणते,
की बोललेलं खरं होतं.
आणि मनात शंका आली तरी चुकचुकतेच.
मग नक्की काय, ती विचारते,
आणि दोन्ही टिपून घेते.

आईला तिची भुतं परकी वाटत नाहीत.
बांधावरच्या वारुळापाशी लुवा पुटपुटते, "ताबी-ताबी पो,"
आई म्हणते, "सर रे बाबा, लेकी चालल्यात,"
आणि तो एकच म्हातारा, न दिसणारा,
दोन्ही भाषांत बाजूला होतो.

अडलं फक्त मिठावरून.
शनिवारी आईनं मीठ-मोहऱ्या मुठीत धरल्या,
माझ्यावरून उतरवल्या, तिच्याकडे वळली,
तर लुवा दोन पावलं मागे, भिंतीला टेकलेली.
नंतर सांगितलं. त्या बाईला मारायचं
तर उडणाऱ्या अर्धीमागे कुणी धावत नाही.
केळीत पाय उभे असतात,
त्यांच्यावर मीठ टाकायचं.
पहाटे ती परत येते, जुळायला बघते,
जुळत नाही. मग ऊन.
"आणि ते पाय," मी विचारलं, "रात्रभर काय करतात?"
लुवा पेनाचं टोपण चावत राहिली.
म्हणाली, हे कुणी लिहिलं नाही.

परवा मध्यरात्री जाग आली.
खोलीत लुवाचे पाय होते,
गाऊनची लाल फुलं, कंबर.
त्याच्या वर काही नव्हतं.
खिडकीची चौकट, पलीकडे मिठाचा पांढरा अंधार,
आणि बारीक, फार बारीक आवाज.
पोटातल्या जिवानं लाथ मारली.

मग आठवलं, खोलीत रेंज नसते.
कमरेपासून बाहेर झुकून, फोन उंच धरून
ती कुणाशी तरी हळू बोलत होती,
आणि पलीकडून एक पोर म्हणत होतं
नानाय, नानाय.
नानाय म्हणजे आई, हे मला
तिच्याच एका गोष्टीतल्या मेलेल्या मुलानं शिकवलं होतं.
भावाला माहीत आहे का, कुणास ठाऊक.

पाय एकमेकांवर घासत होते.
डास चावत होते त्यांना.
टाचा उचलल्या जात, खाली येत, पुन्हा उचलल्या जात.
हेच करत असावेत, रात्रभर.

मी उठले. ओट्यावर मिठाची बरणी उघडी होती,
बाबांच्या हातचं जाडं मीठ,
ज्याला या घरात सगळे जागतात.
झाकण लावलं. पोट सांभाळत स्टुलावर चढले
आणि ती ठेवून दिली
वरच्या फळीवर, पापडांच्या डब्यामागे.

सकाळी आमटी अळणी झाली. आई ओरडली.
लुवा दोन वाट्या प्यायली.