या महिन्यात बावीस दिवस

दर महिन्याच्या मध्याला ते पत्रक येतं.
विद्याधर चष्मा पुसतो, आधी सदऱ्याला, मग पंच्याला,
आणि पडद्यावर बोट सरकवत नेतो
आमच्या ओळीपर्यंत, भारताच्या रकान्यापर्यंत.
"बावीस दिवस पुढे," तो म्हणतो,
दूधवाल्याने आज पाणी कमी घातलंय
अशा आवाजात.
एकदा तारीख मागे गेली होती. दहा महिने.
त्या दिवशी त्याने लॅपटॉप मिटला
आणि उगाचच गॅलरीतल्या कुंड्यांना दुसऱ्यांदा पाणी घातलं.

शालनवन्संनी तिकडून अर्ज भरला तेव्हा
ऋजुता बालवाडीत होती,
'र' काढताना तिची जीभ बाहेर यायची.
आता ती घरात तेवीस वर्षांची आहे
आणि कायद्यात एकोणीस.
कागद मंजुरीविना पडून होता ते दिवस
वयातून वजा करता येतात म्हणे.
दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर,
तिचा बाप दर वाढदिवसाला ही वजाबाकी करतो.
हातचा घेतो.
लग्न केलं तर मात्र तिचं नाव गळतं.
म्हणून भांडुपचा तो मुलगा
चार वर्षं आमच्याकडे
मित्र म्हणून पोहे खातो.

ओट्याला चीर गेली ती ऋजुता चौथीत असताना.
नवा कडाप्पा घालायचा, तर म्हटलं, कशाला,
जायचंच तर आहे.
दर दिवाळीच्या आधी मी तिच्यात एम-सील भरते.
मोहरी, रवा, एकदा मंगळसूत्रातला मणी,
काय काय गेलं त्या फटीत.
माळ्यावरच्या दोन मोठ्या बॅगांत आता रजया आहेत,
चाकांचं रबर हाताला चिकटतं.
इकडे चुनाभट्टीत आमच्या खिडकीसमोर
तेवढ्यात तीन टॉवर उभे राहिले,
माणसं राहायला आली,
त्यांच्या तुळशी वाळल्या, त्यांनी पुन्हा लावल्या.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.
अर्ज करणारं माणूस गेलं
की बहुतेकदा अर्जही जातो.
हे वाचल्यापासून शालनवन्सं फोनवर खोकल्या
की मी खोकला मोजते.
"गोळ्या घेताय ना वेळेवर?"
त्यांना वाटतं, भावजय किती मायेची.
मायाही आहे.
पण ती जरा मागून येते,
चपला शोधत.

गेल्या रविवारी, आमच्याकडे सकाळ, त्यांच्याकडे रात्र,
त्या म्हणाल्या, घर विकतेय.
गुडघे जिने चढत नाहीत आता.
खालची ती तुमची खोली,
पलंगाचं प्लॅस्टिक मी काढलंच नव्हतं गं,
तुम्ही याल तेव्हा कोरा दिसावा म्हणून.
परवा देऊन टाकला.
नेणारा दोनदा विचारत होता,
नक्की कुणी झोपलं नाही यावर?
मग घाईघाईने: अर्ज चालू राहील हां,
पत्ता तेवढा बदलायचा.
विद्याधर म्हणाला, हो हो.
मी खोकल्याचं विचारलं नाही.
विचारलं, आज जेवायला काय केलंत?
"कुणासाठी करू," त्या म्हणाल्या. "टोस्ट."

बुधवारी मी कारागीर बोलावला.
साडेसात फूट बाय दोन.
तो म्हणाला, ग्रॅनाइट घाला ताई, जन्मभर बघायला नको.
मी म्हटलं, कडाप्पाच.
जन्मभराचं अजून घरात बोलायचंय.
त्याने जुन्या चिरेवर छिन्नी ठेवली, दोन ठोके,
आणि इतक्या दिवाळ्यांचं एम-सील
एका तुकड्यात बाहेर आलं,
हातभर लांब, पांढरट,
मोहरीचे दाणे आणि तो काळा मणी
जिथल्या तिथे.
"टाकू ना?" त्याने विचारलं.
मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून
रजयांच्या बॅगेत ठेवलंय.