पाठपुरावा

लॉबिंग म्हणायचं नाही, बोरस्ते साहेब म्हणाले,
तो तिकडचा शब्द.
मग मी व्हाउचरवर लिहिलं, पाठपुरावा.
तर म्हणाले, यात फार हात जोडल्यासारखं वाटतं.
शेवटी खातं उघडलं ‘व्यवसाय विकास’
आणि त्यात सगळं मावलं.

अंबडला आमची शेड. तिथे विमानाच्या चाकाच्या पायातलं
एक बुश बनतं,
लहान मुलीच्या बांगडीएवढं.
सतरा वर्षांत दोनदा हातात घेतलंय.
एरवी माझ्याकडे येतात ते त्याचे कागद.

फेब्रुवारीत साहेब दिल्लीला.
सोबत द्राक्षांच्या पेट्या बावीस,
येवल्याची पैठणी एक (मोरपंखी, रंग फोनवर ठरला),
चिवडा, तो कुणी मागत नाही, तरी.
पेट्यांवर नावं नसतात, आकडे असतात.
चार नंबर: समितीतले.
नऊ नंबर: निवृत्त, आता आपलेच सल्लागार.
सोळा नंबरला मधुमेह आहे,
तरी पेटी जाते. न गेलेली पेटी लक्षात राहते.

त्या पेट्या भरते माझी जाऊ, शैला,
पिंपळगावच्या पॅकहाउसात.
हातात अठरा मिलिमीटरची रिंग.
मणी आरपार गेला की बाद.
मग लोकल मार्केट, नाहीतर बेदाणा.
मण्यासाठी कुणी दिल्लीला जात नाही.

आमच्याकडे रिंग अहिरेंच्या हातात.
मर्यादा आठ मायक्रॉन. लॉट आला अकराचा.
दोनशे चौदा नग, लाल शेरा, खाली सही,
सहीखाली वेळसुद्धा.
मायक्रॉन म्हणजे केवढा, मी विचारलं तेव्हा
माझाच गळलेला केस त्यांनी टेबलावर ठेवला.
याचे सत्तर भाग करा, म्हणाले,
आणि माझ्याकडे पाहत राहिले,
जणू मी आत्ताच कापायला घेणार आहे.

एप्रिलमध्ये परिपत्रक आलं.
आठचे बारा.
मशीन तेच, बुश तेच, अहिरे तेच,
आकडा तेवढा उठून पलीकडे बसला.
अहिरेंनी लाल शेरा खोडला नाही.
त्यावर नवा कागद टाचला,
पिन दोनदा वाकली.

यात लाच कुठेही नाही. विचारलंत तर शपथेवर सांगेन.
द्राक्षं आहेत, विमानाची तिकिटं आहेत,
एक परिसंवाद आहे, दुपारच्या जेवणासह,
खूप जुनी मैत्री आहे
आणि चहा, चहा, चहा.
कदाचित आठ हा आकडाच उगाच कडक असेल.
साहेब म्हणतात, बाहेर पंधरासुद्धा चालतात.
चालत असतील.
मी फक्त एका शनिवारी बेरीज केली:
अकरा लाख शहाऐंशी हजार चारशे.
भागिले चार.
एका मायक्रॉनला दोन लाख शहाण्णव हजार सहाशे,
आणि कॅल्क्युलेटर बंद केला,
कुणी बघत नव्हतं तरी.

आम्ही दहाव्या मैलाला राहतो.
संध्याकाळी ओझरच्या बाजूने ते परततं तेव्हा
ताटातले चमचे थरथरतात,
धाकटा कानात बोटं घालून हसतो.
वर बघितलं तर पोटाखालून पाय निघताना दिसतात,
आधी एक, मग दुसरा.
मी मोजत बसते. काय मोजते, सांगता येत नाही.

काल शैलाने पिशवी पाठवली,
रिंगमधून पडलेले मणी, चांगले तीन किलो.
धुतले, खाल्ले.
गोड आहेत हो.
अगदी तेवढेच गोड.